शोधनिबंध जर्नलकडे पाठवताना नाव कुठे लिहायचं आणि कुठून पुसायचं

बडोद्यात मराठीतून इतिहास-साहित्याचं संशोधन करणारी माणसं इतकी थोडी, की कोण सध्या कुठलं दप्तर चाळतंय ते दांडिया बाजारात चहा होईपर्यंत कळतं. अशा गावातून निबंध पाठवायचा आणि परीक्षकाला (जर्नल ज्या जाणकाराकडून निबंध तपासून घेतं त्याला) लेखक ओळखू द्यायचा नाही, तर नुसतं पहिल्या पानावरचं नाव खोडून भागत नाही. सयाजीराव विद्यापीठातली पीएच.डी.ची मुलं हे वरचेवर विचारतात, म्हणून एकदा लिहून ठेवते.

पात्रता

बहुतेक जर्नलांना लेखकाची पदवी किंवा नोकरी लागत नाही. लेखक म्हणून नाव मात्र त्याचंच, ज्याचा संशोधनात खरा वाटा आहे, ज्याने मसुदा लिहिला किंवा नीट तपासला, शेवटची प्रत मान्य केली आणि जो मजकुराची जबाबदारी घेतो. गाइड आहेत एवढ्यावर नाव येत नाही (आपल्याकडे येतं, ती गोष्ट वेगळी). यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापणं सक्तीचं राहिलेलं नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते विभागात विचारून घ्या. केअर यादीही (यूजीसीने मान्य केलेल्या जर्नलांची यादी) २०२५च्या फेब्रुवारीत बंद झाल्याचं यूजीसीने जाहीर केलं, त्यामुळे जर्नल पारखायचं काम आता आपल्याकडे आलं. आधी पैसे मागून आठवड्यात छापून देणाऱ्याकडे परीक्षणच नसतं, मग गोपनीयता कसली?

कागदपत्रं

आधी जर्नलची पद्धत बघा. सिंगल ब्लाइंडमध्ये परीक्षकाला तुमचं नाव दिसतं, तुम्हाला त्याचं दिसत नाही. डबल ब्लाइंडमध्ये दोघंही अंधारात. काही जर्नलं ओपन रिव्ह्यू करतात, तिथे नावं किंवा अहवाल उघड होतात.

डबल ब्लाइंड असेल तर दोन फायली लागतात. एक शीर्षक पान: सगळ्या लेखकांची नावं, संस्था, पत्रव्यवहार करणाऱ्याचा ईमेल, सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाची ऑनलाइन ओळख, फुकट मिळतो), अनुदान, हितसंबंध आणि आभार. हे पान संपादकापुरतं. दुसरी, निनावी निबंधाची. शिवाय संपादकाला पत्र, त्यात निबंध दुसरीकडे पाठवलेला नाही याची हमी. मुलाखती किंवा रुग्णांची माहिती असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी. दुसऱ्याची छायाचित्रं वापरली असतील तर परवानगी. एआय वापरलं असेल तर बरीच जर्नलं तेही लिहून मागतात.

चुका होतात त्या निनावी फाइलमध्ये. माझ्या पहिल्या निबंधात मी सगळीकडचं नाव पुसलं आणि फाइलच्या नावात आडनाव तसंच ठेवलं! वर्डमध्ये 'फाइल', 'इन्फो' आणि मग 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवा. फाइलच्या गुणधर्मांत आणि समासातल्या कॉमेंटमध्ये नाव दडून बसतं, आणि कधी कधी पीडीएफमध्येही उतरतं.

मग मजकूर. समजा विषय आहे सक्तीचं शिक्षण: सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेलीत प्रयोग केला आणि १९०६मध्ये तो संस्थानभर नेला. त्यात 'मी मागच्या लेखात दाखवल्याप्रमाणे' असं एक वाक्य आलं की संपलं. स्वतःचा संदर्भ परक्याचा असावा तसा द्या. पण तो गाळूही नका. ज्याने त्या विषयावर लिहिलंय त्याचाच उल्लेख नसेल तर जाणत्या परीक्षकाला ती मोकळी जागा लगेच दिसते. 'आजोबांच्या संग्रहातली मोडी पत्रं' असा उल्लेख तुमची ओळख सांगतो, तो निबंधातून काढून शीर्षक पानावर जाऊ द्या. प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) आधीच चढला असेल तर शीर्षक शोधणाऱ्याला तुम्ही सापडणारच, तिथे इलाज नाही.

विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांना एवढंच: पेटंट घ्यायचं मनात असेल तर पेटंटचा अर्ज आधी, निबंध नंतर.

परीक्षक

काही जर्नलं परीक्षकांची नावं तुमच्याकडूनच मागतात. तेव्हा त्यांचे संस्थेचे ईमेल द्या, जीमेल नको. २०१५मध्ये श्प्रिंगरने दहा जर्नलांमधले ६४ निबंध मागे घेतले ते खोट्या परीक्षकांमुळेच. बनावट पत्त्यांवरून परीक्षणं आली होती.

उद्या तुम्हालाच परीक्षक म्हणून बोलावणं आलं, तर विषय तुमचा आहे का आणि लेखकाशी नातं, सहलेखन किंवा भांडण आहे का, हे आधी पाहा. शंका असेल तर संपादकाला कळवा. निबंध कुणाला दाखवायचा नाही, त्यातली कल्पना छापून येण्याआधी वापरायची नाही. विद्यार्थ्याची मदत हवी असेल तर संपादकाला विचारून, त्याचं नाव सांगून. निबंध चॅटबॉटमध्ये टाकून 'सारांश दे' म्हणणं हेही बाहेर दाखवणंच आहे. फक्त संपादकासाठीची टिपण्णी अहवालाच्या फॉर्ममधल्या वेगळ्या चौकटीत लिहा. मुख्य अहवाल जसाच्या तसा लेखकाकडे जातो.

गोपनीयता मोडली तर

तुमच्या अप्रकाशित निबंधातला मजकूर दुसरीकडे दिसला, तर फेसबुकवर लिहिण्याआधी पाठवल्याची पावती, तारखा आणि दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून मुख्य संपादकाला ईमेल करा. नाही पटलं तर प्रकाशकाला. जर्नल कोपचं, म्हणजे १९९७मध्ये सुरू झालेल्या प्रकाशन-नीतिमत्ता समितीचं सभासद असेल तर तिकडेही जाता येतं, पण जर्नलची स्वतःची तक्रार-प्रक्रिया संपल्यावरच. निबंध नाकारला ही तक्रार तिथे चालत नाही. आणि कंटाळून निबंध मागे घ्यायचा ठरवलात, तर संपादकाचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत तो दुसऱ्या जर्नलला पाठवू नका.