ताडोब्यात वाघाचे फोटो काढायला येताय? निघण्याआधी एवढं वाचा

आमच्या ताडोबा छायाचित्रण सहलीच्या चौकशीसाठी येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न एकच असतो: वाघ नक्की दिसेल ना? ताडोब्यात शक्यता चांगली आहे, हमी मात्र आम्ही देत नाही. २०१८ च्या गणनेत महाराष्ट्रात ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ते ४४४ झाले, आणि त्यातला मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्यातला आहे. तरीही हे मोकळं जंगल आहे. आज वाघ कोणत्या नाल्यात आडवा पडलाय, हे पहाटे गेटवर कुणालाच ठाऊक नसतं. शंभर टक्के साइटिंगचं आश्वासन पाळायचं तर एकच मार्ग उरतो, गाडी जनावराच्या अंगावर घालायची. म्हणून असं आश्वासन जिथे मिळेल तिथे पैसे भरू नका, एवढं आम्ही आग्रहाने सांगतो.

गाडीत चौघंच का?

जिप्सीत सहा पर्यटक बसतात, एका रांगेत तिघं. मधल्या जागेवरच्या माणसाला वाघ डावीकडे आला तरी शेजाऱ्याचं डोकं आडवं येतं आणि उजवीकडे आला तरी. आम्ही सहाही जागांचे पैसे भरतो आणि तीन पाहुणे व आमचा एक छायाचित्रकार, असे चौघंच बसतो. प्रत्येकाला गाडीची एक कड मिळते, मधल्या जागेवर कॅमेऱ्याच्या बॅगा राहतात. आमचे दर इतरांपेक्षा जास्त का, याचं खरं उत्तर हेच आहे. गाइड गेटवर पाळीने मिळतो. तो आसपासच्या गावातलाच असतो आणि त्याचे कान आपल्यापेक्षा फार तयार असतात. त्याचं ऐका.

कोअर की बफर?

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. कोअर म्हणजे आतलं गाभ्याचं जंगल, सुमारे ६२५ चौरस किलोमीटर; बफर म्हणजे त्याभोवतालचा पट्टा, सुमारे ११०० चौरस किलोमीटर. मोहर्ली, कोलारा, नवेगाव ही कोअरची गाजलेली गेटं. ताडोबा तलाव आतच आहे, काठावर मगरी असतात. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा ही बफरची गेटं. बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, गुरं चरतात. ‘बफर म्हणजे दुय्यम’ हा समज मनातून काढून टाका. वाघ तिथेही उत्तम दिसतो. आम्ही शक्यतो दोन्हींकडच्या फेऱ्या आखतो.

बिबट्या आणि रानकुत्रीही इथे आहेत, अस्वलं आणि गवेही. पण बिबट्या वाघापासून अंग चोरून राहतो. तुम्हाला मुख्यतः बिबट्याच टिपायचा असेल तर जयपूरजवळचं झालाना अधिक योग्य ठरेल. आमची सहल तिकडे जात नाही, तरी सांगून ठेवतो.

वाघ शोधतात कसा

सकाळी पहिल्यांदा रस्त्यावरची धूळ वाचायची. पाऊलखुणेच्या कडा कोरीव असतील, वरून गाडीचं चाक किंवा दुसऱ्या जनावराचं खूर गेलेलं नसेल, तर ती ताजी. मग इंजिन बंद करून जनावरांचे इशाऱ्याचे आवाज, म्हणजे ‘कॉल’, ऐकायचे. चितळ पुष्कळदा ओरडतं, कधी बिबट्याला पाहून, कधी कुत्र्यांना. सांबराचा खणखणीत ‘ढाँक’ आला की गाइड सरसावून बसतो. झाडाच्या शेंड्यावरचं वानर ओरडताना कुठे पाहतंय तेही बघा, त्याला वरून दिसतं.

इथे आमची पद्धत वेगळी आहे. एखाद्या कॉलनंतर सगळ्या गाड्या पळू लागल्या, तरी आम्ही बहुतेक वेळा जागेवर थांबतो. उन्हाळ्यात तर एखाद्या पाणवठ्याशी किंवा बोडीपाशी (छोट्या तळ्यापाशी) तासभर बसायची तयारी ठेवा. वाघ पाण्यात उतरताना बरेचदा पाठमोरा उतरतो, आधी मागचे पाय, मग कंबर, आणि तोंड काठाकडे ठेवून बसतो. ही सवय माहीत असली की गाडी कुठे लावायची ते आधीच ठरवता येतं. पळत आलेल्या गाडीला बहुतेकदा त्याची पाठ मिळते.

अंतराबाबत तडजोड नाही

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या सूचनांनुसार वन्यप्राण्यापासून किमान वीस मीटर अंतर ठेवायचं असतं. काहींना हे फार वाटतं. पण वीस मीटरवर, फुल-फ्रेम कॅमेरा आणि ४०० मिलिमीटरची लेन्स असेल, तर आडवा उभा असलेला मोठा वाघ चौकटीत पुरता मावतही नाही, शेपूट बाहेर जाते. जवळ जाऊन मिळवण्यासारखं काही उरतच नाही.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पिल्लांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि गाइड व चालकांवर निलंबनाची कारवाई झाली. ‘जवळून दाखव, वर पैसे देतो’ असं पाहुणे म्हणतात, आणि रोजी जाते ती गावातल्या त्या पोरांची. आमच्या सहलीत हे वाक्य कृपया उच्चारू नका. वाघिणीला रस्ता ओलांडायचा असेल तर आमची गाडी मागे जाईल, समोर कितीही सुंदर उजेड असला तरी. गाड्यांची गर्दी झाली असेल तर आम्ही तिथून निघू. त्यासाठी पैसे परत मागता येणार नाहीत.

कोणता महिना?

पावसाळ्यानंतर कोअर १ ऑक्टोबरला उघडतं. तेव्हा रान हिरवंगार असतं, पाणी सगळीकडे असतं, त्यामुळे वाघ कमी दिसतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं आणि कडाक्याची थंडी, उघड्या जिप्सीत हातमोजे लागतात. एप्रिल ते जून पाणवठ्यांचा काळ. वाघ दिसण्याची शक्यता सर्वाधिक, पण पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. दूरचा फोटो तेव्हा कितीही महाग लेन्सने काढला तरी मऊच, म्हणजे अस्पष्ट, येतो. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं.

पहिल्यांदाच येत असाल आणि वाघ पाहणं महत्त्वाचं असेल तर मे. फोटो महत्त्वाचे असतील तर आमचं मत फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च. सागाची पानं गळून आतलं दिसू लागतं, बांबू पिवळा पडतो, पळस फुललेला असतो आणि ऊन अजून सोसण्यासारखं असतं.

कॅमेरा आणि बाकीचं सामान

१००-४०० किंवा १५०-६०० ची झूम लेन्स पुरेशी आहे. ट्रायपॉड आणू नका, जिप्सीत उभा करायला जागा नसते. लेन्स टेकवायला बीनबॅग आम्ही देतो. पहाटे उजेड कमी असतो, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नका. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. चालत्या वाघासाठी शटरचा वेग किमान १/१००० सेकंद ठेवा, बसलेल्यासाठी १/२५० चालेल. बांबूच्या सावलीत वाघ आणि मागे उन्हातलं पिवळं गवत, अशी वेळ हमखास येते. तेव्हा वाघाच्या गालांवरचा पांढरा भाग जळत नाही ना, म्हणजे जास्त उजेडाने नुसता पांढराफटक होत नाही ना, एवढं पाहा. फ्लॅश आणि फोकस झाल्यावर वाजणारा ‘बीप’ दोन्ही बंद. धुळीत लेन्स बदलू नका. आणि सगळे फोटो अगदी जवळचेच नकोत. एखादा असा घ्या की वाघ छोटा आहे आणि भोवती साग, ऐन, मोहाचं रान दिसतंय. ताडोबा कसा आहे ते त्या फोटोत कळतं.

कोअरमध्ये मोबाइल वापरायला बंदी आहे, त्यामुळे मोबाइलवरच फोटो काढणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. कॅमेरा भाड्याने हवा असेल तर आठ दिवस आधी कळवा. कपडे मातकट किंवा हिरवट, उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा. अत्तर लावू नका.

नोंदणी

सफारीचं आरक्षण वनविभागाच्या ऑनलाइन यंत्रणेत नावानिशी होतं. आधारवर नाव जसं छापलंय तसंच आम्हाला पाठवा आणि मूळ ओळखपत्र सोबत आणा. नाव जुळलं नाही तर गेटवरून परत पाठवतात. मंगळवारी कोअर बंद असतं, त्यामुळे आमच्या सहली बुधवारी सुरू होतात. नागपूर स्टेशन किंवा विमानतळावरून गाडी आमची. चंद्रपूरपर्यंतचं अंतर साधारण दीडशे किलोमीटर आहे. सफारी, मुक्काम, जेवण दरात धरलेलं आहे. गुडघे-कंबरेचं दुखणं, रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा. रस्ते खडबडीत आहेत आणि एक फेरी जवळपास चार तासांची असते.