४५ वॉटचा आकडा: लॅपटॉपच्या टर्बोमागची पार्श्वभूमी

प्रोसेसरच्या तपशीलपत्रात ‘४५ वॉट’ हा आकडा २००९ मध्येही होता आणि २०२२ मध्येही. २००९ च्या कोअर आय७-७२०क्यूएममध्ये चार कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आणि टर्बो, म्हणजे गरजेपुरता चढणारा वेग, २.८. २०२२ च्या कोअर आय९-१२९००एचकेमध्ये १४ कोअर, टर्बो ५ गिगाहर्ट्झ, आणि वॉट तेवढेच. तेरा वर्षांत चिप बनवण्याचं तंत्र सुधारलं हे खरं, पण एवढंही नाही. नव्या चिपच्या पत्रकात ४५ च्या शेजारी आणखी एक आकडा असतो: ११५. हे वरचे ७० वॉट किती सेकंद मिळतात, ते द्यायचे की नाही हे कोण ठरवतं आणि पंख्याला ते पेलतात का, या तीन प्रश्नांभोवतीच आजचं सगळं ट्यूनिंग फिरतं. हे प्रश्न उभे कसे राहिले ते पाहायला पंचवीस वर्षं मागे जावं लागतं.

तेव्हाचा प्रश्न बॅटरीचा होता. चिप काम करताना जी वीज खाते ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जानेवारी २००० मध्ये इंटेलने मोबाइल पेंटियम ३ बरोबर ‘स्पीडस्टेप’ आणलं. ६५० मेगाहर्ट्झची चिप चार्जर काढला की ५०० वर यायची आणि व्होल्टेज १.६ वरून १.३५ वर. वेग घटला २३ टक्के. वर्गाचं गणित मांडलं तर वीज घटली सुमारे ४५ टक्के. त्याच महिन्यात ट्रान्समेटाने क्रूसो चिप आणि तिचं ‘लाँगरन’ जाहीर केलं, त्याच वर्षी एएमडीचं ‘पॉवरनाऊ’ आलं. तिघांचा हिशोब एकच: वेग थोडा सोडा, व्होल्टेज उतरवा, खरी बचत तिथे आहे. अंडरव्होल्ट करणारा, म्हणजे चिपचं व्होल्टेज मुद्दाम उतरवणारा, आजही याच गणितावर जगतो, फक्त तो वेग सोडत नाही.

मधली काही वर्षं मात्र उलटी गेली. पेंटियम ४ चा सगळा डाव मेगाहर्ट्झवर होता. त्याच्या शेवटच्या मोबाइल चिप ८८ वॉटपर्यंत पोचल्या आणि त्या बसवलेले लॅपटॉप मांडीवर ठेवायच्या लायकीचे उरले नाहीत. मार्च २००३ मध्ये इंटेलच्या हैफातल्या चमूची पेंटियम एम आली. १.६ गिगाहर्ट्झची ही चिप २४.५ वॉटमध्ये भागवायची. पूर्ण वेगाला १.४८४ व्होल्ट, ६०० मेगाहर्ट्झला ०.९५६, आणि मधल्या प्रत्येक पायरीला वेगळं व्होल्टेज.

हौशी माणसाला पहिली किल्ली मिळाली ती या पायऱ्यांत. आरएमक्लॉक, नोटबुक हार्डवेअर कंट्रोल यांसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पायरीचं व्होल्टेज हाताने भरता यायचं. कारखाना व्होल्टेज ठरवतो ते अख्ख्या घाण्यातली सर्वांत कमकुवत चिपही चालावी म्हणून, शिवाय वर थोडी सूट ठेवून. तुमच्या हातातली चिप तेवढी कमकुवत असण्याची शक्यता कमी. ही उरलेली सूट काढून घेणं म्हणजे अंडरव्होल्टिंग.

मग टर्बो आला. नोव्हेंबर २००८ च्या नेहेलेम या इंटेलच्या चिप-पिढीत ‘टर्बो बूस्ट’ होता, पण लॅपटॉपचं खरं वळण जानेवारी २०११ च्या सँडी ब्रिज पिढीचं. त्यामागची कल्पना साधी आणि हुशार होती. चिपची उष्णता ओढून घेणारा तांब्याचा गोळा आणि पत्र्या तापायला वेळ लागतो. तोवर चिपने आपल्या वॉटच्या मर्यादेपेक्षा जास्त वीज खाल्ली तरी बिघडत नाही. म्हणून मर्यादा दोन झाल्या. पीएल१ ही कायमची, पीएल२ ही थोड्या वेळाची, आणि तो वेळ ठरवणारा काळ-स्थिरांक म्हणजे टाऊ. लॅपटॉपमध्ये टाऊ बहुधा २८ सेकंदांचा ठेवला जायचा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. २८ सेकंदांचा टाऊ म्हणजे २८ सेकंद टर्बो मिळणार, असं नाही. चिप चालती सरासरी काढते आणि ती सरासरी पीएल१ ला टेकली की हात आखडते. लॅपटॉप ५ वॉटवर निवांत बसलाय, पीएल१ ४५ आहे, पीएल२ ११५ आहे आणि पूर्ण भार आला, तर ढोबळ गणिताने १२ ते १३ सेकंदांतच सरासरी ४५ ला पोचते. बेंचमार्कची, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीची, पहिली फेरी झकास आणि तिसरी निम्मी, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, गरम होणं नव्हे. तापमान ८० च्या आसपास आणि वॉट बरोबर ४५ वर चिकटलेले दिसले तर चिप आणि तांबं यांच्यामधली पेस्ट बदलून काही साधणार नाही.

या मर्यादा जिथे लिहिलेल्या असतात ते रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतली आकडे ठेवायची जागा, हेक्स (सोळाच्या पायाने मोजलेल्या) ६१० क्रमांकाचं. त्यात वॉट बहुधा आठव्या हिश्शात मोजतात, म्हणजे ४५ वॉट ३६० म्हणून आणि ११५ वॉट ९२० म्हणून लिहिलेले सापडतात. खालच्या १५ बिटांत पीएल१, ३२ व्या बिटापासून पीएल२, आणि सर्वांत वरचं ६३ वं बिट कुलपाचं. बायोसने, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरने, ते बिट १ केलं की मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत कुणालाही आकडे बदलता येत नाहीत. आणि पुन्हा सुरू होताना बायोस ते परत १ करतंच.

कुलूप नसेल तरी आकडे बदलून काहीच घडत नाही, असंही होतं. कारण याच मर्यादांची दुसरी प्रत मेमरीच्या पत्त्यावर, एमएमआयओमध्ये, असते आणि दोन्हींपैकी लहान आकडा चालतो. कंपनीचं फर्मवेअर आणि इंटेलचं डीपीटीएफ हे ड्रायव्हर त्या दुसऱ्या प्रतीत लॅपटॉपच्या पाठीचं तापमान पाहून दर काही सेकंदांनी नवा आकडा टाकत राहतात. थ्रॉटलस्टॉप या विंडोजवरच्या प्रोग्रॅममध्ये पीएल१ ६० केला आणि मशीन ३५ वरच अडलं, की आधी ही दुसरी प्रत तपासायची. लिनक्सवर डीपीटीएफचं हेच काम थर्मल्ड हा प्रोग्रॅम करतो.

चिपला दाबून ठेवायची तिसरी वाट त्याहून चोरटी. प्रोसेसरला ‘प्रॉकहॉट’ नावाचा एक सिग्नल असतो. मुळात तो चिपने बाहेर सांगायचा: मी तापलो. पुढे तो दुतर्फा झाला, म्हणजे मदरबोर्डवरचा दुसरा कोणताही भाग तो ओढून प्रोसेसरला दाबू शकतो. चिपला वीज पुरवणारा व्होल्टेज रेग्युलेटर तापला, बॅटरी खचली, किंवा चार्जरची ओळख पटवणारी बारीक मधली पिन वाकली, तरी हा सिग्नल ओढला जातो आणि चिप ८०० मेगाहर्ट्झवर, कधी ४०० वर, अडकून पडते. तापमान ५० आणि माउस सरकायला सेकंद लागतोय, असा लॅपटॉप व्हायरसच्या नावाखाली फॉरमॅट केला जातो. दोष अनेकदा स्वस्तात घेतलेल्या पर्यायी चार्जरचा असतो. थ्रॉटलस्टॉपमध्ये ‘बीडी (दुतर्फा) प्रॉकहॉट’ची खूण काढली की वेग परत येतो. निदानासाठी ते ठीक; कायम काढून ठेवणं म्हणजे रेग्युलेटरचं रडणं ऐकूच न घेणं.

२०१८ मध्ये हा सगळा प्रकार सर्वसामान्यांपर्यंत पोचला. त्या जुलैत सहा कोअरच्या आय९ चा मॅकबुक प्रो बाजारात आला आणि लांबच्या कामात तो मूळ २.९ गिगाहर्ट्झचा वेगही टिकवत नाही, हे काही दिवसांत चव्हाट्यावर आलं. उष्णता सांभाळणाऱ्या फर्मवेअरमध्ये एक डिजिटल किल्ली राहून गेली होती, असं सांगत ॲपलने २४ जुलैला दुरुस्ती दिली. तांबं तेच, पंखे तेच. बदलले ते फक्त आकडे, आणि मशीन सुधारलं. ‘लॅपटॉप थ्रॉटल होतो’, म्हणजे आपणहून वेग उतरवतो, म्हणजे कूलिंग खराब, हे समीकरण तेव्हापासून तरी सुटायला हवं होतं.

अंडरव्होल्टिंगचा बहराचा काळ २०१३ च्या इंटेलच्या हॅसवेल पिढीपासून २०१९ पर्यंतचा. आता प्रत्येक पायरीचं कोष्टक भरायचं नव्हतं; सगळ्या वक्राला एकच वजाबाकी लावायची. ती हेक्स १५० या रजिस्टरमधून जाते आणि व्होल्टच्या १,०२४ व्या हिश्शात मोजली जाते, त्यामुळे १०० मिलिव्होल्ट उणे म्हणजे उणे १०२. कोअर आणि कॅश (चिपमधली जलद मेमरी) यांना वीज एकाच वाहिनीतून येते, म्हणून दोन्हींना सारखीच वजाबाकी द्यावी लागते. फक्त कोअर उतरवला तर आकडा बदललेला दिसतो, वॉट जागचे हलत नाहीत. नवख्यांची इथे हमखास गफलत होते.

रीत अशी: उणे ५० पासून सुरुवात, १०-१० मिलिव्होल्टने खाली, प्रत्येक टप्प्यावर पूर्ण भार आणि नंतर निवांत वापर. बऱ्याच चिप उणे ८० ते उणे १२५ च्या दरम्यान तग धरतात. १.१ व्होल्टवरून १.० वर आलं तर वर्गाच्या हिशोबाने वीज १७ टक्के वाचते, आणि ४५ वॉटच्या मर्यादेत बसलेली चिप ती बचत थेट वेगात घालते. मशीन कोसळतं ते बहुतेक वेळा पूर्ण भाराला नाहीच. ब्राउझर उघडताना किंवा झोपेतून जागं होताना कोसळतं, कारण तेव्हा वेग झपकन चढतो-उतरतो आणि व्होल्टेज क्षणभर खाली गोता खातं. म्हणून रात्रभर चाचणी उत्तीर्ण झालेला आकडाही १० ने मागे आणलेला बरा. विंडोजच्या नोंदवहीत ‘व्हीआ’च्या (WHEA, म्हणजे हार्डवेअरच्या) चुका दिसू लागल्या, तर पडदा निळा व्हायची वाट पाहू नये.

१० डिसेंबर २०१९ ला यावर पडदा पडला. बर्मिंगहॅम विद्यापीठ, ल्यूवेन विद्यापीठ आणि ग्राझचं तंत्रविद्यापीठ इथल्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ जाहीर केलं. योग्य क्षणी व्होल्टेज एवढं उतरवायचं की गुणाकार चुकेल पण मशीन कोसळणार नाही. आणि त्या चुकलेल्या उत्तरांवरून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातल्या गुप्त किल्ल्या काढायच्या. वाट हीच, रजिस्टर १५० ची. इंटेलने मायक्रोकोड (चिपच्या आतला प्रोग्रॅम) आणि बायोसमधून ती बंद करायची सोय दिली, कंपन्यांनी ती लावली. हल्ल्याला मशीनवर ॲडमिनचे अधिकार आधीच हातात लागतात, घरी एसजीएक्स वापरणारा विरळा. तरी कुलूप सगळ्यांनाच लागलं. बायोस अपडेट केलं आणि दुसऱ्या दिवशी तापमान दहा अंशांनी वर, अशी तक्रार तेव्हापासून ऐकू येते. दहाव्या आणि अकराव्या पिढीच्या बहुतेक एच (ताकदवान लॅपटॉपच्या) चिपना हे कुलूप जन्मापासूनच आहे. २०२२ मध्ये आलेल्या एचएक्स चिपना पुन्हा मोकळीक मिळाली, पण त्यांचे आकडेही ५५ आणि १५७ वॉट आहेत. तिथेही बायोसमधलं ‘अंडरव्होल्ट प्रोटेक्शन’ बंद करावं लागतं, आणि विंडोजचं व्हर्च्युअलायझेशनवर आधारलेलं संरक्षण चालू असेल तर आकडे बदलायचं इंटेलचं एक्सटीयू हे साधन चालायला नकार देतं.

एएमडीकडची गोष्ट छोटी आहे. तिथे पीएल१-पीएल२ ऐवजी स्टॅपम, स्लो आणि फास्ट अशा तीन मर्यादा आहेत. स्टॅपम ही लॅपटॉपच्या कातडीचं तापमान डोक्यात ठेवून बेतलेली. या मर्यादा बदलणाऱ्या रायझेनॲडज या प्रोग्रॅममध्ये आकडे मिलिवॉटमध्ये द्यायचे, म्हणजे ४५ वॉटला ४५०००. चार्जर काढला-लावला की फर्मवेअर ते पुसून टाकू शकतं, म्हणून आज्ञा काही सेकंदांनी पुन्हा चालवणारी व्यवस्था लागते.

तांब्याची बाजू या सगळ्याहून जुनी. हीट पाइपचं, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या नळीचं, पेटंट १९४४ चं, जनरल मोटर्सच्या गॉगलरचं. १९६३ मध्ये लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हरने ती स्वतंत्रपणे पुन्हा उभी केली, अंतराळयानांसाठी. लॅपटॉपमधली नळी म्हणजे हवा काढलेलं तांबं, आत थोडं पाणी आणि भिंतीला वातीसारखा सच्छिद्र थर. पाणी चिपपाशी उकळतं, पंख्यापाशी वाफेचं पुन्हा पाणी होतं, वातीतून परत येतं. पातळ लॅपटॉपसाठी नळी चेपली की वाफेची वाट अरुंद होते आणि क्षमता घसरते. गेमिंग लॅपटॉपमध्ये अनेकदा एकच नळी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांवरून जाते, त्यामुळे ग्राफिक्स तापला की प्रोसेसर फुकटात तापतो.

चिप आणि तांबं यांच्यामधला थर मात्र आपल्या हातात असतो. लॅपटॉपमध्ये पेस्ट थेट उघड्या सिलिकॉनवर बसते. गरम-थंड होताना तांबं आणि सिलिकॉन वेगवेगळं फुगतं आणि पातळ पेस्ट कडेला ढकलली जाते. सर्वांत गरम आणि सर्वांत गार कोअरमध्ये पूर्ण भाराला १०-१५ अंशांचा फरक दिसू लागला, तर हेच झालं असं समजावं. त्यावरचा चांगला उतारा म्हणजे हनीवेलचं पीटीएम७९५० हे पाव मिलिमीटरचं पान. ते ४५ अंशांच्या आसपास वितळतं आणि थंड झालं की पुन्हा घट्ट होतं, म्हणून पसार होत नाही. पान थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून सिलिकॉनएवढंच कापावं, नाहीतर फिल्म सोलताना फाटतं. स्क्रू हीटसिंकवर छापलेल्या क्रमानेच, थोडे थोडे आवळावेत. पहिल्या दिवशीचं तापमान पाहून निराश होऊ नये, पाच-सहा वेळा तापून ते बसतं. द्रवरूप धातू याहून चांगला निकाल देतो, पण त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला खातं आणि थेंब सिलिकॉनशेजारच्या इवल्या कपॅसिटरवर ओघळला तर बोर्ड जातो.

यापुढे उरते खोलीतली हवा. पंखा आणि तांबं मिळून उष्णता बाहेर टाकतात ती चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. २५ अंशांच्या प्रयोगशाळेत, चिप १०० वर असताना, जो लॅपटॉप ६० वॉट सतत पेलतो, तोच मे महिन्यात नागपूरच्या ४२ अंशांच्या खोलीत सुमारे ४६ वॉट पेलेल. परीक्षणातला ६० चा आकडा तिथे पीएल१ म्हणून भरला तर चिप १०० ला टेकून वेग खालीवर करत राहते आणि गेममध्ये झटके बसतात. पीएल१ ४५ करून ठेवला तर सरासरी वेग जवळजवळ तोच राहतो, झटके जातात. जूनमध्ये पाऊस पडला की आकडा पुन्हा वर नेता येतो.