ब्रिस्केटचा काटा ६५ अंशांवर का अडतो?

घरच्या स्मोकरमध्ये, म्हणजे धुरावर मंद आचेने मांस शिजवायच्या भट्टीत, बीफ ब्रिस्केट चढवलं की पहिले काही तास मांसाचं तापमान भराभर वाढतं. मग ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेतरी थर्मामीटरचा काटा अडतो आणि तासन्‌तास हलत नाही. आतली हवा ११० अंशांवर असूनही! 'कोलॅजन (मांसातलं चिवट प्रथिन) वितळतंय, सगळी उष्णता तिकडे जातेय', हे यावरचं ठरलेलं उत्तर. ते चुकीचं आहे.

ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचा स्नायू. गुरांना कॉलरबोन नसतं, त्यामुळे शरीराच्या भाराचा मोठा वाटा या स्नायूंवर येतो आणि त्यात कोलॅजन भरपूर असतं. भरपूर म्हणजे तरी काही टक्केच. त्याचं मऊ जिलेटिन व्हायला इतकी उष्णता लागत नाही. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने मांसाऐवजी ओला स्पंज तापवून पाहिला, तेव्हा त्याचंही तापमान असंच अडलं. स्पंजात कोलॅजन कुठून येणार?

खरं कारण बाष्पीभवन. ५ किलोचा तुकडा १ अंशाने तापवायला साधारण १६ किलोज्यूल लागतात, तर १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.३ किलोज्यूल खर्च होतात. म्हणजे ७ ग्रॅम पाणी उडालं की १ अंशाची कमाई गेली. थर्मामीटरच्या फुग्याला ओला फडका गुंडाळला की तो हवेपेक्षा कमी तापमान दाखवतो, हे आपण शाळेत शिकलो. मांसाचा ओलसर पृष्ठभाग हाच तो फडका. म्हणून काटा नेमका कुठे अडेल हे स्मोकरमधली आर्द्रता आणि हवेचा झोत ठरवतात. झोत जोराचा असेल आणि हवा कोरडी, तर काटा आणखी खाली अडतो. पृष्ठभाग वाळून त्यावर काळपट साल धरली की वाफ कमी होते आणि तापमान पुन्हा चढू लागतं.

घाई असेल तर मांस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळावं. वाफ कोंडली की अडणं संपतं, पण सालही मऊ पडते. जाडसर कागदात गुंडाळलं तर थोडी वाफ सुटत राहते. मला हाच मार्ग पटतो.

तयारीत फार काही नाही. वरची चरबी अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत छाटावी, आदल्या रात्री मीठ चोळावं. मीठ आत झिरपतं, पण महागड्या मसाल्यांचे बहुतेक रेणू वरच राहतात, त्यामुळे 'आतपर्यंत मुरणाऱ्या' मिश्रणांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. ब्रिस्केटसाठी नावाजलेल्या अमेरिकेतल्या मध्य टेक्सासमध्ये मीठ-मिरीवर उत्तम काम भागतं. कापल्यावर दिसणाऱ्या गुलाबी कडेचंही असंच कौतुक होतं. धुरातला नायट्रिक ऑक्साइड मायोग्लोबिनला (मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला) चिकटल्याने ती उमटते. तिला चव नसते.

कोलॅजनला मात्र वेळ द्यावाच लागतो. ९० ते ९५ अंशांच्या सुमारास सळई विनासायास आत गेली की उतरवावं, तासभर तरी झाकून ठेवावं आणि तंतूंना आडवं कापावं. तंतू तुटून आखूड झाले की दातांना काम उरत नाही.