भिंत हिशेबात कशी आली

मुंबईत जुना फ्लॅट घेतला की पहिला घण बहुधा हॉल आणि बेडरूममधल्या भिंतीवर पडतो. "आरसीसीला हात लावत नाही, नुसती विटांची पार्टिशन आहे," असं कंत्राटदार सांगतो आणि कमिटी मान डोलावते. त्याला एकट्याला दोष देता येत नाही. आरसीसी डिझाइन करणारेही वर्षानुवर्षं असंच धरून चालले होते.

चाळींच्या काळात वजन पेलण्यात भिंतींचा मोठा वाटा असे. १९३०च्या दशकात मरीन ड्राइव्हला काँक्रीटचे सांगाडे उभे राहिले, भार कॉलम-बीमवर गेला आणि वीट आडोशापुरती उरली. गणितात तिचं फक्त वजन यायचं, ताकद नाही.

भूकंपात मात्र ती गप्प बसत नाही. चौकट आडवी कलली की भिंत समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दाबली जाते, बाकीच्या दोन कोपऱ्यांत फट पडते; म्हणजे विटांमधूनच एक तिरपा टेकू तयार होतो. १९५०च्या दशकात सोव्हिएत संशोधक पोल्याकोव्ह यांनी ही कल्पना मांडली. १९६१ मध्ये ब्रिटनमधल्या होम्स यांनी टेकूची रुंदी कर्णाच्या एक तृतीयांश धरा, असा सुटसुटीत ठोकताळा दिला.

टेकू फुकटात मिळाला असं कुणालाही वाटेल. पण इमारत ताठ झाली की भराभर डोलते आणि बहुधा धक्क्याचा जोरही जास्त ओढून घेते. आयएस १८९३ या भूकंपासाठीच्या भारतीय बांधकाम संहितेची सूत्रं वापरून पाहा: २१ मीटर उंच, हलण्याच्या दिशेने १६ मीटर लांब इमारतीचा एक हेलकावा नुसत्या सांगाड्याच्या सूत्राने ०.७४ सेकंदाचा येतो, विटांच्या भिंती धरल्या तर ०.४७ सेकंदाचा. मग वीट कोपऱ्यात चिरडते, विटांच्या सांध्यांतून सरकते किंवा कर्णावर तडकते. साडेचार इंची भिंत चौकटीतून सुटून बाहेरच पडली, तर ती वेगळीच आफत.

खरा धडा मिळाला २६ जानेवारी २००१ ला. भूकंप कच्छमध्ये, आणि दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती बसल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींना वर भिंती होत्या, खाली पार्किंगसाठी मोकळे कॉलम. वरचा भाग पेटीसारखा ताठ राहिला, सगळं वाकणं तळमजल्यावर आलं. २००२ च्या संहितेने अशा मजल्याचे कॉलम-बीम अडीचपट जोरासाठी डिझाइन करायला सांगितले. २०१६ च्या आवृत्तीत तिरप्या टेकूचं गणितही आलं.

२०१६ च्या संहितेत मुंबई झोन तीनमध्ये, म्हणजे भूकंपाच्या मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, मोडते. नव्या टॉवरांत माइव्हन शटरिंगने (ॲल्युमिनियमच्या साच्यांनी) बऱ्याच भिंती काँक्रीटच्याच ओततात, तिथे विटेचा प्रश्न फारसा उरत नाही. तो उरतो २००२ आधीच्या सहा-सात मजली सोसायट्यांत, जिथे प्रत्येक मजल्यावर भिंती आहेत आणि खाली स्टिल्टमध्ये फक्त गाड्या.