बुद्धाचा धम्म विदर्भात 1956 च्या कितीतरी आधीचा

बौद्ध धर्म विदर्भात 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर प्रथमच आला, असे आमच्याकडे पारावर, लग्नाच्या मांडवात आणि शाळेतल्या भाषणांतही वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे खरे नाही. बाबासाहेबांनी त्या दिवशी लाखोंसह केलेले धर्मांतर युगप्रवर्तक होते. पण ज्या मातीत ते घडले, ती मातीच बुद्धाच्या ओळखीची होती.

वैनगंगेकाठचे पवनी पाहावे. भंडारा जिल्ह्यातील या गावी 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात, लोक केवळ टेकडी समजत असलेल्या जगन्नाथ टेकडीतून इसवी सनापूर्वीचा विटांचा स्तूप उघड झाला. येथील एका शिल्पस्तंभावर मुचलिंद नाग, म्हणजे कथेनुसार बुद्धावर फणा धरून पावसापासून त्याला जपणारा नागराज, फणा उभारून बसला आहे आणि त्याखालचे आसन रिकामे आहे, कारण त्या काळी बुद्धाची मूर्ती न घडवता त्याचे अस्तित्व अशा खुणांनीच दाखवीत. दगडांवर दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लेखही आहेत. ते वाचताना ही आपल्याच मुलखातली माणसे, असे मला प्रकर्षाने वाटते. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीजवळची विजासन लेणीही बौद्धच.

पुढे भारतात हा धर्म ओसरला, तरी श्रीलंका, म्यानमार, थायलंड, तिबेट, जपान अशा आशियाच्या मोठ्या भागात तो नांदत राहिला. म्हणून 1956 ला आगमन न म्हणता पुनरागमन म्हणणेच योग्य आहे.