कमरेखालची भूल आणि हृदयाची अरुंद झडप

‘फक्त कमरेखालचा भाग बधिर करणार आहेत, मग त्यात हृदयाचा काय संबंध?’ हर्नियाच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. कधी काळी एखाद्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ‘हृदयात थोडा आवाज येतो आहे, केव्हातरी टू-डी इको करून घ्या’ असे सांगितलेले असते. पुढे विशेष त्रास होत नाही, इको राहून जातो, आणि ज्याचे निदानच झालेले नाही ते सर्जनना कशाला सांगायचे, असे वाटून ती गोष्ट मागे पडते. ही समजूत घातक ठरू शकते, कारण तो आवाज हृदयाच्या अरुंद झालेल्या झडपेचा असू शकतो. त्यामागचे शरीरशास्त्र मला फार विलक्षण वाटते, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

हृदयाची डावी जवनिका, म्हणजे शरीराला रक्त पुरवणारा खालचा डावा कप्पा, आकुंचन पावते तेव्हा रक्त महाधमनीच्या झडपेतून बाहेर पडते. निरोगी प्रौढ माणसात ही झडप उघडल्यावर तिचे तोंड साधारण ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असते. वयपरत्वे कॅल्शियम साचल्याने, जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असल्याने किंवा लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापामुळे हे तोंड आकसत जाते, आणि ते १ चौरस सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याखाली आले की आजार तीव्र मानला जातो. अरुंद वाटेतून तेवढेच रक्त न्यायचे तर त्याचा वेग वाढावा लागतो. इकोमध्ये डॉप्लरने हाच वेग मोजतात. मीटर प्रतिसेकंदातील वेगाचा वर्ग करून त्याला चारने गुणले की झडपेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक मिमी पाऱ्यात मिळतो. वेग ४ असेल, तर हा फरक ६४ येतो. एवढा जादा दाब प्रत्येक ठोक्याला निर्माण करता करता जवनिकेची भिंत जाड आणि ताठर होते, आणि जाड स्नायूला प्राणवायूही जास्त लागतो.

तो प्राणवायू नेणाऱ्या कॉरोनरी धमन्या झडपेच्या अगदी वर, महाधमनीच्या मुळाशी सुरू होतात. आकुंचनाच्या वेळी डाव्या जवनिकेचा स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो, त्यामुळे त्याला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या शिथिलनाच्या काळात. त्या वेळी रक्त पुढे ढकलणारा दाब म्हणजे महाधमनीतला खालचा दाब (रक्तदाबाच्या दोन आकड्यांतला लहान आकडा) वजा जवनिकेच्या आतला दाब. निरोगी माणसात हे गणित ८० वजा १० म्हणजे ७० असे धरता येईल. ताठर जवनिकेत आतला दाब २५ धरला, तर ५५ उरतात. शांत बसलेल्या माणसाला तेवढे पुरतात, म्हणूनच त्याला वर्षानुवर्षे काही जाणवत नाही.

आता पाठीतल्या इंजेक्शनकडे येऊ. कमरेच्या मणक्यांमधून मेरुद्रवात बुपिव्हाकेनसारखे औषध सोडले की वेदनेच्या चेतातंतूंबरोबर अनुकंपी चेतातंतूही बंद पडतात. हे तंतू मज्जारज्जूच्या छातीच्या पहिल्या भागापासून कमरेच्या दुसऱ्या भागापर्यंत बाहेर पडतात आणि रक्तवाहिन्यांना ताण देऊन ठेवतात. तो ताण गेला की पाय आणि पोट यांतल्या वाहिन्या सैलावतात, रक्त तिथे साठते आणि रक्तदाब उतरतो. निरोगी हृदय अशा वेळी जास्त रक्त फेकून बरीचशी भरपाई करते. अरुंद झडपेमागचे हृदय तसे करू शकत नाही, कारण त्याची वाटच ठरलेली असते. खालचा दाब ५० वर आला, तर आपल्या गणितात उरतात फक्त २५. स्नायू उपाशी राहतो, आकुंचन दुबळे होते, दाब आणखी उतरतो आणि चक्र वेग घेते. त्यात नाडी वाढली तर आणखी अडचण होते: मिनिटाला ७५ ठोके असताना शिथिलनाला सुमारे ०.५ सेकंद मिळतो, तर १२० ठोक्यांना जेमतेम त्याच्या निम्मा. हृदय थांबलेच, तर छाती दाबूनही अशा झडपेतून पुरेसे रक्त पुढे ढकलणे कठीण जाते.

१९७७ साली ली गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रिया झालेल्या १,००१ रुग्णांच्या अभ्यासातून धोका दाखवणारे नऊ घटक मांडले. त्यात ही अरुंद झडप होतीच, आणि बाकीचे बहुतेक घटकही रुग्णाशी बोलून, त्याला तपासून आणि ईसीजी काढून कळणारे होते.

म्हणून ‘शक्यता आहे’ एवढी माहितीही मोलाची असते. दोन जिने चढताना धाप लागणे, श्रमाने छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे, घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, हे सगळे सांगावे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि मग दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागत असे, एवढेच काहींना आठवते. ती इंजेक्शने हृदयाच्या झडपा वाचवण्यासाठी असतात, हे त्यांना कोणी समजावलेलेच नसते. ही आठवणही सांगावी. रक्त पातळ करणाऱ्या किंवा नाडी आणि रक्तदाब कमी ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

हे सर्जनना ओपीडीतच सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या अनेक लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञ बाहेरून येतात आणि रुग्णाला प्रथम पाहतात ते शस्त्रक्रियेच्या दिवशी. तेव्हा इको करायला सवड नसते. अमावास्या नको म्हणून पुढे ढकललेल्या तारखा मी पाहिल्या आहेत, आणि त्याच घरांनी इकोसाठी चार दिवस थांबायला नकार दिलेलाही पाहिला आहे. तिथीचा रक्तदाबावर काहीही परिणाम होत नाही. उलट टोकाला, ‘कुठल्याही ऑपरेशनआधी अँजिओग्राफी करून टाका’ हा आग्रहही शास्त्राला धरून नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या कार्प चाचणीत रक्तवाहिन्यांची मोठी शस्त्रक्रिया होणाऱ्या ५१० रुग्णांपैकी निम्म्यांच्या कॉरोनरी धमन्यांवर आधी उपचार केले गेले, तरी त्यांचे दीर्घकालीन मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कमी झाले नाही.

इकोत झडप निर्दोष निघाली, तर ठरलेले पाठीतले इंजेक्शन देता येते. ती तीव्र अरुंद निघाली आणि लक्षणेही असली, तर हर्निया थांबू शकतो आणि आधी झडपेचा विचार होतो. थांबणे शक्य नसेल, तर भूलतज्ज्ञ एकदम पूर्ण मात्रा देण्याऐवजी बारीक नळीतून औषध थोडे थोडे सोडतात किंवा पूर्ण भूल निवडतात, मनगटाच्या धमनीत सुई ठेवून प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब पाहतात आणि वाहिन्या आवळणारे फेनिलएफ्रिन सुरुवातीपासून हाताशी भरून ठेवतात.