निर्धन रुग्ण निधी

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी स्वतंत्र खात्यात बाजूला काढून ठेवायची रक्कम म्हणजे निर्धन रुग्ण निधी. रुग्णालयाने इतर रुग्णांना केलेल्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम या खात्यात जमा होते. रुग्णालयातील 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यांच्या बिलांचा भार हा निधी उचलतो. रुग्णालयांत आणि सार्वजनिक न्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात याला सर्रास ‘आयपीएफ’ (इंडिजंट पेशंट्स फंड) म्हणतात.

या व्यवस्थेचा पाया सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 मध्ये दुरुस्तीने घातलेल्या कलम 41 कक मध्ये आहे. सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना आयकरात सूट मिळते. अनेकांना नाममात्र भाड्याने सरकारी जमीन किंवा बांधकामासाठी वाढीव चटई क्षेत्रही मिळालेले असते. थोडक्यात, अशा रुग्णालयाची इमारत काही अंशी जनतेच्या पैशावर उभी राहिलेली असते. म्हणून राखीव खाटेला दान म्हणणे चूक आहे. ती घेतलेल्या सवलतींची परतफेड आहे. कलम कागदावर असूनही पाळले जात नाही, अशी जनहित याचिका 2004 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. न्यायालयाने ऑगस्ट 2006 मध्ये सविस्तर योजनाच मंजूर केली आणि 1 सप्टेंबर 2006 पासून ती राज्यभर लागू झाली. आज चारशेहून अधिक रुग्णालये तिच्या कक्षेत येतात. दिल्लीत सवलतीच्या जमिनीवरील खासगी रुग्णालयांवर असेच बंधन आहे : आंतररुग्ण विभागात 10 टक्के आणि बाह्यरुग्ण विभागात 25 टक्के रुग्णांवर मोफत उपचार. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते कायम केले.

निधीचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. खाट, शुश्रूषा, निवासी डॉक्टरांची सेवा, वीज-पाणी, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे निर्धन रुग्णाला लावायचे नाहीत आणि निधीतूनही घ्यायचे नाहीत. औषधे, शस्त्रक्रियेचे साहित्य आणि शरीरात बसवायचे कृत्रिम भाग यांचे बिल छापील किमतीने करायचे नाही, रुग्णालयाच्या खरेदी किमतीने करायचे. ते निधीत खर्ची पडते. योजनेतला सर्वांत मोलाचा शब्द मला ‘खरेदी किंमत’ हाच वाटतो. समजा, एखाद्या शस्त्रक्रियेच्या औषधांची आणि साहित्याची छापील किंमत 60,000 रुपये आहे आणि रुग्णालयाला ते सगळे 36,000 रुपयांना पडले. निर्धन रुग्णाने काहीच भरायचे नाही, 36,000 निधीतून जातील. दुर्बल घटकातील रुग्णाने या रकमेच्या किमान निम्मे, म्हणजे 18,000 भरायचे, बाकीचे निधीतून. छापील किंमत धरली असती तर तोच निधी कितीतरी लवकर आटला असता.

उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढवली गेली. निर्धनांसाठी ती वर्षाला 1,80,000 रुपये आणि दुर्बल घटकांसाठी 3,60,000 रुपये अशी झाली. पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड मागतात. नियम सोपा आहे, पण तो रात्री दोन वाजता कामी यावा लागतो. रुग्ण अतिदक्षता विभागात, सोबत आलेला मुलगा हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाईल घेऊन बिलिंगच्या खिडकीपाशी, रेशनकार्ड गावाकडे, आणि रुग्णालयाचा वैद्यकीय समाजसेवक सकाळी दहाला येणार. अनेकांना तर ही योजना आहे हेच निम्मे बिल भरून झाल्यावर कळते. न्यायाची खरी कसोटी त्या खिडकीवर लागते. म्हणूनच राखीव खाटा किती, त्यांतल्या रिकाम्या किती, हे दर्शनी फलकावर आणि धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसणे आवश्यक असते. ‘खाट शिल्लक नाही’ हे उत्तर पडताळून पाहता आले तरच त्यावर विश्वास बसतो.

रुग्णालयांचीही एक बाजू आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. कर्करोग, हृदयशस्त्रक्रिया किंवा अकाली जन्मलेल्या बाळाचे दीर्घ उपचार अशा मोजक्या रुग्णांवरच मोठ्या रुग्णालयाचा महिन्याचा निधी संपू शकतो. खाटा मात्र टक्केवारीने राखलेल्याच राहतात. मग दोन टक्के ही जबाबदारीची सीमा की दहा टक्के खाटा, हा वाद पुन्हा पुन्हा उभा राहतो. उलट, कुठे निधी पडून राहतो आणि खाटा रिकाम्या असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी याची गल्लत करू नये : तिथे ठरलेल्या उपचारांचे पैसे सरकार देते, इथे ते रुग्णालयाच्याच उत्पन्नातून येतात.

तातडीच्या रुग्णाबाबत योजनेत कागदपत्रांची अट मागे पडते. अशा रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचे, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यायचे, गरज पडल्यास सार्वजनिक रुग्णालयात हलवायचे आणि दाखल करताना अनामत रक्कम मागायची नाही. तरीही अनामत मागितली गेली, तर तक्रार जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाकडे करता येते. नियम मोडणाऱ्या रुग्णालयाच्या सवलती काढून घेण्याची शिफारस धर्मादाय आयुक्त शासनाकडे करू शकतात.